बिनभाताचं ताट

त्या बाईचा चेहरा नुसता आठवला तरी आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, असं माझी सून मला सांगते. तिला सांगायला काय जातंय! तिची सुपारी कुणी परत पाठवली नव्हती.

ती बाई म्हणजे माझी होता होता राहिलेली सासू. आम्ही राईचे, ती समुद्राच्या अंगाच्या गावची, मध्ये तोंडातलं पान संपेल एवढंच अंतर. तिच्या मुलाशी माझं लग्न ठरलं होतं. वैशाखात आमच्या ओटीवर चार माणसांदेखत सुपारी फुटली, म्हणजे दोन्ही घरांनी शब्द दिला, आणि भातझोडणी उरकली की लग्न करायचं ठरलं. मी अठराची होते. मुलगा मला आवडला होता, आता या वयात लपवून काय करू? उंच, काळासावळा, छाती पुढे काढून चालणारा. आणि पळण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं.

तेव्हा साठचं दशक सरत आलं होतं. मीरा रोडला आज जिथे बघाल तिथे इमारती, तिथे तेव्हा मिठाच्या राशी आणि चिखल. आमच्या पट्ट्यातल्या गावांच्या पुरुषांची दरवर्षी पौषात एक धाव व्हायची. भाईंदरच्या रेल्वे फाटकापासून निघायचं, राईवरून थेट उत्तनचा किनारा गाठायचा, तिथे एक लाल चिंधी मनगटाला बांधून घ्यायची आणि आल्या वाटेने परत फाटकाला. दहाएक मैल सहज होत असतील. पहिला येईल त्याला पितळी हंडा आणि नव्या तांदळाची गोण. गोण बैलगाडीत घालून वाजतगाजत घरी आणायचे. लागोपाठ दोन वर्षं ती गोण त्या बाईच्या ओटीवर गेली होती, आणि माझा दादूस, म्हणजे थोरला भाऊ, दोन्ही वेळा त्याच्या मागे दुसरा आला होता.

दादूस तिशीला टेकलेला, भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात कामाला. आषाढात तो एकाएकी दमायला लागला. घटाघटा पाणी प्यायचा आणि सारखा उठून बाहेर जायचा. एकदा आयने न्हाणीमागे मुंग्यांची रांग बघितली आणि ती चरकली. भाईंदरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साखरेचा आजार आहे. गोळ्या दिल्या आणि बजावलं, भात बंद, साखर-गूळ बंद, बटाटा, रताळं, केळं बंद.

भात बंद! आमच्याकडे भात बंद म्हणजे जेवणच बंद. तरी आम्ही पाळलं. दादूसच्या ताटात महिनाभर शीत पडू दिलं नाही. महिन्याने परत गेलो, मीही बरोबर होते, तर साखर उलट वाढलेली. डॉक्टर तापले.

“चोरून भात खाता ना?”

“देवाशपथ न्हाय. शिताला हात लावला न्हाय.”

“मग खाता काय?”

“भाकरी.”

“किती?”

“चार. कवा पाच.”

“जरा कमी करा. ज्वारीची की बाजरीची?”

दादूस माझ्याकडे बघायला लागला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. आमच्यात भाकरी तांदळाचीच. दुसऱ्या कशाची करतात हे नुसतं ऐकून माहीत. डॉक्टर देशावरचे, त्यांच्या घरी तांदळाची भाकरी कुणी बघितली असेल! त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मी तिथे दवाखान्यातच फस्सकन हसले. त्या वर्षातलं माझं ते शेवटचं हसणं.

कारण आयने ही गंमत बाजारात चार जणींना सांगितली. ती भाजीची पाटी घेऊन रोज भाईंदरला बसायची, मनाने भोळी, आपलं हसं आपणच करून मोकळी व्हायची. गंमत फिरत फिरत त्या बाईच्या कानावर गेली. दुसऱ्याच दिवशी भर बाजारात, आयच्या पाटीपुढे उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, “ज्यांच्या मुतावर मुंग्या येतात त्यांची पोर माज्या घरात न्हाय यायची. उद्या माज्या नातवंडांनाबी मुंग्या लागतील.”

आय पाटी तशीच टाकून घरी आली. संध्याकाळी लग्न जुळवणारा मध्यस्थ आला. ओटीवर टेकलासुद्धा नाही. उभ्या उभ्या सुपारी ठेवली आणि मान खाली घालून चालता झाला.

मी वाट बघितली. त्या बाईची नव्हे, तिच्या मुलाची. तो काही बोलेल असं मला वाटलं होतं. एवढा पुरुषासारखा पुरुष, आईला एक शब्द तरी बोलेल! रोज आमच्या दारावरून भाईंदरला जायचा तो दुसऱ्या दिवसापासून बांधावरून जायला लागला, एवढंच झालं. शेतातला चिखल पायाने तुडवत जाईल पण आमच्या दारावरून जाणार नाही. मेल्याला माझ्याकडे बघायचीही हिंमत झाली नाही.

दादूस चुलीपाशी बसून रडला. “माज्यामुळं झालं गो बाय. माज्या रोगानं तुजं घर मोडलं.”

मी म्हटलं, “रडू नको, पळ. पौषात फाटकावर सगळ्या गावांदेखत त्याला मागं टाक. त्या बाईच्या ओटीवर गोण जाता कामा नये. तुला काय खायला घालायचं ते मी बघते.”

“भाताबिगर कोन पळतं?” तो म्हणाला.

“तू पळशील.”

वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, आय दिवसभर बाजारात, तेव्हा चूल माझ्या ताब्यात होती. मी त्या चुलीवर दादूससाठी काय काय नाही केलं! खाडीच्या चिखलातले निवटे मासे खोबरेल तेलात कुरकुरीत तळले. चिंबोऱ्या, कालवं, कोळंबी, कोंबडीची अंडी, मुळ्याचा पाला, शेवग्याच्या शेंगा. ओलं खोबरं तर तो चालता-बोलता खायचा. भाकरीच्या जागी मी अंड्याची पोळी घालायला लागले. ताट भरलेलं दिसायचं, पण दादूसचा हात आपोआप मधोमध जायचा, जिथे भाताचा ढीग असतो तिथे, आणि रिकाम्या पितळावर बोटं आपटायची. ते बघून मला रडू यायचं आणि मग त्या बाईला मी अशा शिव्या घालायचे की चुलीतला जाळ वाढावा.

पहिले दिवस भयंकर गेले. दादूस पहाटे मिठागराच्या बांधावर पळायला जायचा आणि अर्ध्या वाटेतून पाय ओढत परत यायचा. पायात कापूस भरलाय म्हणायचा. डोकं गरगरायचं. एकदा बांधावरून घसरून चिखलात पडला, लोकांनी उचलून आणला. गावात खसखस पिकली. आयला बघवेना. ती माझ्या मागे त्याला पेज प्यायला द्यायची. मी पकडलं तर म्हणाली, “पेज म्हंजे काय भात हाय का गो? पानीच तं हाय.” मी ते भांडं तिच्या हातातून काढून कोंबड्यांपुढे ओतलं. आय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला पर्वा नव्हती. मला तेव्हा फक्त फाटक दिसत होतं.

एक गोष्ट मात्र मी स्वयंपाक करत होते म्हणून माझ्या ध्यानात आली. आदल्या दिवशी खारा बांगडा केला की दुसऱ्या सकाळी दादूस उत्तनपर्यंत जाऊन यायचा. ताजी मासळी केली की पुढच्याच गावाला, मोर्व्यालाच, पोटऱ्यांना गोळे येऊन बसायचा. मला आधी वाटलं योगायोग. मग मी मुद्दाम आलटून पालटून करून बघितलं. खारं म्हणजे पळतो, ताजं म्हणजे बसतो. मीठ! बाबा मिठागरावरच कामाला, घरात खड्यांनी गोण भरलेली, आणि आम्ही मीठ शोधत होतो! मी खाऱ्या बांगड्याचं पातळ सार उकळायला लागले, वर लिंबू पिळून. पळण्याआधी वाटीभर, आल्यावर वाटीभर. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, “चालू दे, पण चक्कर आली की थांबायचं आणि खडीसाखर जवळ ठेवायची.” खडीसाखर मी त्याच्या कमरेला पुरचुंडीत बांधून दिली, शेजारी खोबऱ्याचे तुकडे.

दसऱ्याच्या सुमाराला दादूस बदलला. वेग तेवढाच, पण दमायचा नाही. पूर्वी परतीच्या वाटेवर त्याचं तोंड उतरायचं, पोटात आग पडायची, घरी आल्या आल्या भाताच्या भांड्यावर झडप. आता तो घामाघूम होऊन यायचा आणि ओटीवर बसून बाबांशी निवांत गप्पा मारायचा. साखरही उतरली. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. त्या बाईला हे कळावं म्हणून मी आयला बाजारात सांगायला लावलं. या वेळी मुद्दाम.

पौषातल्या त्या सकाळी ती बाई काय करत होती हेही मला नंतर कळलं. लेकाला पाटावर बसवून गूळ-तूप घातलेला भात तिने ओंजळीने वाढला. आजूबाजूच्या बायकांना बोलावून दाखवलं म्हणे, बघा, निरोगी पोरगा कसा जेवतो! दादूसने दोन अंडी आणि खोबऱ्याचा तुकडा खाल्ला, सार प्यायला आणि फाटकाकडे गेला. मी सार भरलेला लोटा घेऊन राईच्या रस्त्याला उभी राहिले.

जाताना त्या बाईचा लेक पुढे होता, बराच पुढे. माझ्यासमोरून गेला. तेवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं, आणि काय बोलला? हसत हसत म्हणाला, “दादूसला जरा भात दे गो!” आजूबाजूचे पुरुष खिदळले. वाटलं, हातातला लोटाच त्याच्या टाळक्यात घालावा. त्याच्या मागून दादूस चौथा-पाचवा आला, माझ्याकडे न बघता गेला.

परतीला ते दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग रस्त्यावर दोन डोकी दिसली. पुढे तोच, पण आता त्याची छाती पुढे नव्हती. कुशीला हात दाबून पळत होता, तोंड पांढरंफटक. दादूस मागे, पण पाय कसे पडत होते! सकाळी पडत होते तसेच. मी लोटा पुढे केला. त्याने दोन घोट घेतले, लोटा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाला, “बघच आता.”

मला राहवलं नाही. मी लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि लोट्यासकट त्यांच्या मागून पळत सुटले. बाबा ओरडत होते, बाया तोंडावर हात ठेवून बघत होत्या. अठरा वर्षांची पोर भर रस्त्यावर पुरुषांच्या मागे! बोला काय बोलायचं ते. मिठागरं लागली तिथे मी त्याला गाठलं. तो पळत नव्हता. रस्त्याच्या कडेला, मिठाच्या राशीपाशी वाकून आईने वाढलेला गूळभात ओकत होता. दादूस पुढे निघून गेला होता, फाटकाकडून ओरडा ऐकू येत होता.

त्याने मान वर केली. मी दिसले, हातातला लोटा दिसला. “पानी,” तो म्हणाला आणि हात पुढे केला.

लोट्यात घोटभर सार उरलं होतं. मी त्याच्या पायापुढे लोटा उपडा केला आणि फाटकाकडे गेले.

गोण आमच्या ओटीवर आली. बैलगाडीपुढे ताशा वाजत होता, आय दोन्ही हातांनी डोळे पुसत होती. त्या बाईच्या गावातून गाडी न्यायची काही गरज नव्हती, पण मी दादूसला सांगून तिथूनही एक फेरी मारायला लावली. तिचं दार लावलेलं होतं. फटीतून बघत असणार, मला खात्री आहे.

पुढे काय व्हायचं ते झालं. ज्याच्या रोगाला नावं ठेवली त्यानेच तिच्या निरोगी लेकाला धूळ चारली, म्हटल्यावर लोक तिच्या तोंडावर हसायला लागले. लेकासाठी दुसरीकडे बोलणी लावली होती ती जुळेनात. माघ सरता सरता तोच मध्यस्थ आमच्याकडे आला आणि या वेळी ऐसपैस टेकला. म्हणाला, झालं गेलं विसरून जाऊ, माणसं जेवायला येतील, सुपारी पुन्हा फोडू.

बाबांना हो म्हणायचं होतं. त्यांचं भय खोटं नव्हतं. सुपारी मोडलेली पोर, त्यात भर रस्त्यावर काष्टा खोचून पळालेली, तिला कोण करणार? आय म्हणाली, “बाय, अशी संधी परत न्हाय यायची.” पुढे चार वर्षं मला कुणी मागणी घातली नाही, म्हणजे बघा, दोघांचंही बरोबर होतं. मी म्हटलं, “बोलवा. जेवण मी करते.”

ती आली. लेक आला, मध्यस्थ आला. मी ओटीवर पाट मांडले. त्याचा पाट मुद्दाम त्या तांदळाच्या गोणीला लागून ठेवला, गोण अजून तशीच शिवलेली होती. आत चुलीवर भाताचं आधण ठेवलं आणि तांदूळ धुऊन सुपात निथळत ठेवले. ते कशासाठी ते माझं मलाच ठाऊक होतं.

मग ताटं आणली. तळलेले निवटे, चिंबोरीचं कालवण, कोळंबी, उकडलेली अंडी, मुळ्याचा पाला, खोबऱ्याच्या कातळ्या, खाऱ्या बांगड्याचं सार. मधोमध मोकळं पितळ. आणि मी दाराला टेकून उभी राहिले.

आमच्यात भाताचा ढीग ताटात पडल्याशिवाय कुणी हात घालत नाही. सगळे बसून राहिले. मध्यस्थ उगाच खोकला. ती बाई ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होती. कालवणावर साय धरायला लागली. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, मी छपराकडे बघितलं.

शेवटी ती म्हणाली, “बाय, भात ऱ्हायला.”

“ऱ्हायला न्हाय,” मी म्हटलं. “आमच्या घरात रोग हाय. आमच्यात असंच जेवतात. ज्याला या घराशी सोयरीक करायची त्यानं असंच जेवायचं.”

बाबांच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. आय आतून “अगो!” म्हणाली. त्या बाईचं तोंड चिंबोरीसारखं लाल. पण मी तिच्याकडे बघतच नव्हते. मी तिच्या लेकाकडे बघत होते.

आणि खरं सांगते, त्याने हात पुढे केला. निवट्याचा एक तुकडा मोडला, कालवणात बुडवला. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात हसणं नव्हतं, लाज होती. त्याने तो घास नुसता तोंडात घातला असता ना, तर मी त्याच पावली आत गेले असते आणि ते धुतलेले तांदूळ आधणात ओतले असते. गोणीची शिवण उसवून साऱ्या गावाला भात वाढला असता. त्याच्यासाठीच ते आधण उकळत होतं.

“ऊठ,” ती म्हणाली.

घास त्याच्या ओठांशी होता.

“ऊठ म्हनते ना!”

त्याने तो तुकडा ताटात ठेवला, बोटं पाटाला पुसली आणि उठला.

ते गेल्यावर बाबा ताट तसंच टाकून मिठागरावर निघून गेले. दादूस आतून आला, त्या बाईच्या लेकाच्या रिकाम्या पाटावर बसला, तेच ताट पुढे ओढून जेवायला लागला. “सार झकास झालंय गो,” तो म्हणाला. मी चुलीपाशी गेले. आधण आटून अर्धं झालं होतं. मी ते उतरवलं, त्यात गार पाणी घातलं आणि दादूसला पाय शेकायला दिलं.